सव्वा मिस्त्री आणि चार सूत

लांब बीम कधीही सरळ बांधायचा नसतो. हे वाक्य मी आजवर निदान पन्नास माणसांना ऐकवलं असेल. त्यातल्या पंचेचाळीस जणांनी, म्हातारीचं आता काही खरं नाही, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. उरलेले पाच सेंटरिंगच्या कामातले होते.

सेंटरिंग म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी उभा करतात तो फळ्यांचा साचा आणि त्याच्या खालचे टेकू. काँक्रीट घट्ट झालं की साचा काढून टाकतात आणि तो उभारणाऱ्या माणसालाही त्याच्याबरोबर विसरून जातात. उद्घाटनाच्या पाटीवर ज्यांची नावं कोरलेली असतात त्यांतल्या बहुतेकांनी बांधकामाच्या काळात साइटवर पाऊलही ठेवलेलं नसतं. म्हणून हा एक माणूस मी लिहून ठेवते आहे.

त्यांना सगळे सव्वा मिस्त्री म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, मी कधी पाहिलं नाही. ड्रॉइंगमध्ये बीमचा मधला भाग एक इंच वर उचला असं लिहिलेलं असलं, की हे तो सव्वा इंच उचलायचे. दर वेळी. म्हणून सव्वा.

आता उचलायचा कशाला, ते सांगते. बीम म्हणजे छत पेलणारी आडवी तुळई. ती दोन टोकांना टेकलेली असते आणि मध्ये अधांतरी. स्वतःच्या वजनाने आणि वरच्या ओझ्याने ती मध्ये थोडी खाली येते. येणारच. न येणारी तुळई अजून कुणी बांधलेली नाही. सरळ बांधली तर ओझं आल्यावर तिचं पोट सुटल्यासारखं दिसतं, आणि खाली बसणाऱ्याचा जीव खालीवर होतो. म्हणून साचाच मध्ये थोडा वर उचलून ठेवायचा; मग ओझं आलं की बीम दबून सरळ होतो. या आधीच दिलेल्या उचलीला इंजिनीअर लोक कँबर म्हणतात. मिस्त्री ‘बाक’ म्हणायचे.

मी तेव्हा एका डिझाइन ऑफिसात ड्रॉइंगं काढत होते. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती आणि कॉलेजात शिकलेलं सगळं मला येतं असा माझा समज होता. पहिल्यांदा त्यांच्या साच्याला दोरी लावून मोजलं आणि मी लगेच बोट ठेवलं.

“मिस्त्री, ड्रॉइंगमध्ये एक इंच आहे.”

“हो बाई. एकच मिळेल तुम्हाला.”

“इथे सव्वा आहे.”

“हे टेकू लाकडाचे, त्यांच्याखाली माती. वरून ओलं काँक्रीट पडलं की टेकूंखालच्या पाचरी दबतात, फळ्यांचे सांधे बसतात. पाव इंच ती मंडळी खातात. तुमचा एक इंच शाबूत पोचवायचा तर मला सव्वाच द्यायला लागतो.”

ऑफिसात परत येऊन मी आमच्या मुख्य साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. पण त्याला तसं सांगू नका, उद्या तो आपली ड्रॉइंगंही तपासायला लागेल.”

मिस्त्रींचं घर म्हणजे वेल्डिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुपारभर खाली ठिणग्या उडायच्या आणि वर कप किणकिणायचे. मी तिथे पहिल्यांदा गेले ती एका साच्याच्या कागदावर त्यांची सही घ्यायला. चहा ठेवता ठेवता त्यांच्या बायकोने मला स्वयंपाकाच्या ओट्यावरची फळी दाखवली.

“बघा, ही ह्यांनी लावली. हिलासुद्धा बाक. डबे भरलेले असले की सरळ, महिना संपत आला की मांजरासारखी पाठ वर. पाहुण्यांना आमच्या घरात काय आहे नाही ते विचारावंच लागत नाही.”

“फळी खोटं बोलत नाही,” मिस्त्री म्हणाले.

“मी बोलत होते ना. तेवढी सोय होती, तीही गेली.”

मिस्त्री साठीला आले तोवर त्यांचे गुडघे पार गेले होते. चाळीस वर्षं शिड्या चढून आणि फळ्यांवर उकिडवं बसून दुसरं काय होणार? चढताना प्रत्येक पायरीला करकर वाजायचं. ती शिडी की मिस्त्री, ते कळायचं नाही. त्याच सुमाराला त्यांच्या मालकाच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या, यार्डातला मुकादम काम सोडणार होता. यार्ड म्हणजे फळ्या, टेकू, पाचरी ठेवायची जागा. मुकादमाने खुर्चीत बसायचं, माल द्यायचा, आलेला माल तपासून घ्यायचा. शिडी नाही. मिस्त्रींना ते काम हवं होतं, आणि हवं होतं म्हणजे त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणखी एक वर्ष वर चढले तर गुडघे कायमचे जातील असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं.

मालक म्हणाला, “ग्रंथालयाचा हॉल तेवढा नीट उतरव. यार्ड तुझं.”

ग्रंथालयाची ती इमारत आमच्याच ऑफिसने डिझाइन केली होती. खाली वाचनाचा हॉल, मध्ये एकही खांब नको असा हट्ट. वर पुस्तकांचं कोठार. हॉलच्या डोक्यावर चाळीस फुटांचे चार बीम आणि त्यांच्यावर पाच इंचांचा स्लॅब. ड्रॉइंग माझ्या हातचं. मधोमध एक इंच कँबर, असं मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

साइटवर एक नवे इंजिनीअर आले होते. तीन पायांच्या स्टँडवर लेव्हलची दुर्बीण लावून दिवसभर तिच्यात डोळा घालून बसायचे, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव दुर्बीणसाहेब ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. मेहनती होता, आणि सगळं काटेकोर हवं असायचं त्यांना. त्या काटेकोरपणानेच तर घोळ झाला.

काँक्रीट ओतण्याच्या दिवशी सकाळी मी साइटवर पोचले तेव्हा मिक्सर फिरत होता. वर सळयांच्या जाळीतून जागोजागी छोटे गज उभे केले होते आणि प्रत्येकाला एक लाल फीत बांधली होती. काँक्रीट इथपर्यंत भरा, अशी ती खूण. दुर्बीणसाहेबांनी आदल्या दिवशी तासन्तास खपून सगळ्या फिती एका पातळीत आणल्या होत्या. ताटात पाणी ठेवावं तशा. मालक खाली गाडीला टेकून उभा होता, खुशीत.

मिस्त्री शिडीने वर आले. त्यांच्या हातात नेहमीची काठी होती, टोकापासून पाच इंचांवर खाच पाडलेली. ती सळयांमधून खाली फळीपर्यंत घालायची आणि खाच फितीशी जुळते का बघायची, एवढंच तिचं काम. कडेला त्यांनी काठी घातली, खाच आणि फीत बरोबर जुळली. मग ते हॉलच्या मध्याकडे निघाले. तिथे काठी घातली आणि थांबले. दुसरीकडे घातली, पुन्हा थांबले. मग त्यांनी हात वर केला.

“माल थांबवा.”

पहिली ढकलगाडी वर आली होती. ती धरणाऱ्याने आधी साहेबांकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे, आणि गाडी तशीच धरून उभा राहिला.

“काय झालं?” दुर्बीणसाहेब.

“साहेब, मध्ये स्लॅब पावणेचार इंचच होतोय.”

“शक्य नाही. सगळ्या फिती मी स्वतः लावल्यात.”

“फिती सरळ आहेत. फळी सरळ नाही. मध्ये सव्वा इंच वर आहे. वरून सपाट भरलं तर मध्ये सव्वा इंच माल कमी पडणार. फळीला जसा बाक आहे तसाच वरूनही बाक हवा.”

साहेबांनी स्वतः काठी घालून पाहिली. त्यांचे कान लाल झाले. दोनशे माणसांसमोर चूक निघाली की कुणाचीही पहिली उडी बचावाकडेच असते.

“मग फळी खाली घ्या. पाचरी ढिल्या करा. स्लॅब वरून वाकडा कसा चालेल?”

“पाचरीला मी हात लावणार नाही.”

“मी सांगतोय.”

“सांगा. पण मग ते लिहून द्या, आणि त्या खालच्या हॉलमध्ये बसून पेपर कोण वाचणार तेही लिहा.”

खालून मालकाचा आवाज आला, “अरे, काय तमाशा चाललाय? माल सुकतोय तिथे.”

इथे माझी पाळी आली. मिस्त्री माझ्याकडे वळले. “बाई, स्लॅबची जाडी किती?”

“पाच इंच. सगळीकडे पाच.”

“असं ड्रॉइंगमध्ये कुठे लिहिलंय?” दुर्बीणसाहेबांनी विचारलं, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. मी कँबर लिहिला होता, जाडी लिहिली होती. कँबर असतानाही जाडी सारखीच ठेवा, हे लिहिलं नव्हतं. मला वाटलं, एवढं तर कुणालाही कळेल. ड्रॉइंग काढणाऱ्याने असं कधी वाटून घेऊ नये. मी तिथेच, सळयांवर उभी राहून, पेन्सिलने ते वाक्य लिहिलं आणि खाली सही केली. या वेळी अक्षर अजिबात सुवाच्य आलं नाही.

सगळ्या फिती नव्याने बांधायला अडीच तास गेले. मिस्त्री काठी घेऊन एकेका गजाशी गुडघ्यांवर बसत होते आणि दुर्बीणसाहेब, हे त्यांचं मोठेपण, त्यांच्या मागे मागे फिती बांधत होते. तोवर मिक्सरमधला माल वाया गेला आणि इमारतीमागे त्याचा एक ढिगारा झाला. शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा दिवे लावायची वेळ आली होती. मालक मिस्त्रींना एवढंच म्हणाला, “टेकू काढल्यावर मला बीम सरळ दिसला पाहिजे. नाहीतर यार्डाचं नाव काढू नकोस.”

चार आठवड्यांनी टेकू निघाले. त्याचीही रीत असते. आधी मधले टेकू, मग दोन्हीकडे टोकांच्या दिशेने, म्हणजे बीम हळूहळू आपलं वजन आपल्या अंगावर घेतो. पाचरींवर हातोडी मिस्त्रींनी स्वतः चालवली. शेवटचा टेकू निघाला, धूळ बसली, आणि बीमच्या खालून टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणली गेली. मधोमध दोरी आणि बीम यांच्यात फट होती. मिस्त्रींनी पट्टी लावली.

“चार सूत.”

इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. एक इंच बाक होता, त्यातला अर्धा उतरला होता, अर्धा उरला होता. हिशोबाप्रमाणे तो तेवढाच उरायला हवा होता. दुर्बीणसाहेबांनी आपला कागद काढून तसं सांगितलंही.

मालकाने मान वाकडी करून वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर खिडक्यांची सरळ ओळ होती, तिच्यामुळे तो अर्धा इंच चांगला डोळ्यांत भरत होता.

“वर आहे.”

“उतरेल, मालक,” मिस्त्री म्हणाले. “काँक्रीट एकदम दबत नाही. वर ओझं आलं की उतरतं, मग वर्षभर हळूहळू उतरत राहतं.”

“मग वर्षाने ये यार्डात.”

“मालक, गुडघे…”

“मी सरळ म्हटलं होतं. हे सरळ आहे का? तूच सांग.”

मिस्त्रींनी पाहिलं आणि म्हणाले, “नाही.” एवढंच. मला अजूनही तो ‘नाही’ आठवतो. त्या जागी मी असते तर निदान दहा मिनिटं वाद घातला असता.

यार्डात तात्पुरता कुणीतरी बसवला. मिस्त्री पुन्हा शिड्या चढायला लागले. एका माणसाची नोकरी अर्ध्या इंच काँक्रीटच्या मर्जीवर अडकली होती, आणि काँक्रीटला घाई म्हणजे काय ते माहीत नसतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले तर त्यांचे साडू आलेले. हे साडू गिलावा करायचे, आणि गावात त्यांच्याइतका गुळगुळीत गिलावा करणारा दुसरा नव्हता, निदान त्यांच्या मते. मिस्त्री पाय लांब करून बसले होते आणि बायको गुडघ्यांना तेल चोळत होती.

“साडू, ऐका माझं,” साडू म्हणत होते. “बीमला अजून गिलावा व्हायचाय ना? मी टोकांना जाड थर देतो, मध्ये पातळ. एका दिवसाचं काम. मालक वर बघेल, सरळ दिसेल, पुढच्या सोमवारी तुम्ही यार्डात.”

“आणि दोन वर्षांनी?”

“दोन वर्षांनी कोण जिवंत आहे, कोण नाही.”

“बीम तर असेल ना. तो उतरणार चार सूत. मग तुमच्या सरळ गिलाव्याला मध्ये पोट येणार. लोक म्हणतील, छत खचलं. चांगल्या बीमवर खोटा आळ.”

“बीमची अब्रू सांभाळताय तुम्ही.”

बायकोने चोळायचं थांबवलं. “मी सांगू? करून टाका तुमचे साडू म्हणतात तसं.” मिस्त्रींनी चमकून पाहिलं तर ती म्हणाली, “असं का बघता? रात्री कण्हणं मला ऐकावं लागतं, बीमला नाही.”

मिस्त्रींनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला.

“बाक खरा दिलाय,” शेवटी मिस्त्री म्हणाले. “तो खोटा करून घेतलेल्या खुर्चीत मला बसवणार नाही.”

“मग कण्हा,” बायको म्हणाली आणि तेल पुन्हा चोळायला लागली, जरा जास्तच जोराने.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आणि मिस्त्री हॉलमध्ये दोरी लावायचो. दोरीची दोन्ही टोकं खुंट्यांना, आणि मध्यावर शिडीवर पट्टी घेऊन मी. मिस्त्री खाली उभे राहून आकडा लिहून घ्यायचे. साडेतीन सूत. तीन. अडीच. अशाच एका रविवारी मी त्यांना कँबर या शब्दाची कुळकथा सांगितली. ऑफिसात एक जाडजूड कोश होता, त्यात पाहिली होती. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि मूळ अर्थ वाकडा, कमानीसारखा वळलेला. इंग्रजीत तो जहाजं बांधणाऱ्यांच्या बोलण्यात रुजला. जहाजाच्या डेकच्या फळ्या मध्ये उंच आणि कडांना उतरत्या ठेवतात, लाटांचं पाणी वाहून जावं म्हणून; त्या उंचवट्याला कँबर. पुढे तोच शब्द तुळयांना लागला, रस्त्यांना लागला, विमानाच्या पंखांनाही लागला.

मिस्त्री ऐकत होते. मग म्हणाले, “माझा बाप होड्या बांधायचा. बंदरात.”

“हे कधी बोलला नाहीत.”

“कुणी विचारलं नाही. डेकला बाक द्यायला त्यानेच शिकवलं. दुपारभर वाफ देऊन फळी वाकवायची. होड्यांचं काम बंद पडलं, मी बांधकामावर आलो. इथल्या पहिल्या मुकादमाने सांगितलं, बीम मध्ये उचलून धर. मी म्हटलं, हा तर बाक. हे तर येतं मला.” त्यांनी दोरीकडे बोट केलं. “म्हणजे साहेब लोकांचा शब्दही सुताराच्याच तोंडचा.”

“हो.”

“मग परवा तो दुर्बीणवाला मला का समजावत होता, कँबर म्हणजे काय ते?”

हे सगळं ठीक, पण सातव्या महिन्यात आकडा दोन सुतांवर येऊन थांबला. आठव्याला दोन. नवव्याला दोन. थंडी आली, मिस्त्रींचे गुडघे सुजले, तीन आठवडे ते घरीच पडून राहिले आणि दोरी मी एकटीने लावली. दोन. मी ऑफिसात मुख्य साहेबांसमोर आकड्यांचा कागद टाकला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “वरच्या कोठारात पुस्तकं किती आली?”

मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. दर महिन्याला मी खालून बीम मोजत होते आणि एकदाही जिना चढून वर गेले नव्हते. गेले. कोठार रिकामं होतं. पुस्तकं मांडायच्या नव्या लोखंडी घोड्या भिंतीला टेकून उभ्या, आणि पुस्तकं अजून ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीच्या तळघरात. बाक ज्या ओझ्यासाठी दिला होता ते ओझं आलंच नव्हतं. बीम आपला वाट बघत उभा.

मी हे मिस्त्रींच्या घरी जाऊन सांगितलं. मिस्त्री म्हणाले, “आणतील सावकाश.” दुसऱ्या दिवशी त्यांची बायको थेट ग्रंथपालाकडे गेली. पुढचं मला तिनेच सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात थोडा मीठमसाला असेल हे मी मान्य करते.

“मी विचारलं, पुस्तकं वर कधी नेणार? तो म्हणतो, आपण सभासद का? म्हटलं, नाही, मी खालच्या बीमवाल्यांची बायको. तो म्हणतो, यादी पूर्ण व्हायचीय, दोन वर्षं लागतील. म्हटलं, यादी वर बसून करा. तो म्हणतो, आपला यात संबंध काय? म्हटलं, माझ्या नवऱ्याचे गुडघे तुमच्या पुस्तकांवर अडकलेत. मग त्याने मला बसायला खुर्ची दिली.”

“घाबरला असेल.”

“घाबरेल कशाला? सगळं नीट समजावून सांगितलं त्याला. फळी, डबे, सगळं. हुशार आहे, लगेच कळलं. म्हणाला, म्हणजे आमची पुस्तकं येतील हे धरूनच ते बांधलंय. म्हटलं, हो, आणि तुम्ही येईनात.”

तीन आठवड्यांत पुस्तकं हलली. हमाल खोके घेऊन जिना चढायचे, ग्रंथपाल वर उभा राहून कुठला खोका कुठल्या घोडीवर ते सांगायचा, आणि मिस्त्रींची बायको, जिला तिथे कुणीही बोलावलं नव्हतं, दाराशी उभी राहून खोके आत जाताना बघायची. आम्ही घाई करून दोरी लावली नाही. मिस्त्रींनीच थांबवलं. “ओझं अंगवळणी पडू द्या त्याला,” म्हणाले.

महिना गेला, वर्षाला थोडे दिवस कमी होते. मालकाला बोलावलं. हॉलमध्ये माणसं वाचत बसली होती, म्हणून सगळं कुजबुजत चाललं होतं. दुर्बीणसाहेबही आले, दुर्बीण न घेता. दोरीचं एक टोक मालकाने स्वतः धरलं, त्याचा कुणावर विश्वास नव्हता. मिस्त्री शिडी चढायला निघाले तर बायकोने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं, आणि साहेब वर चढले.

दोरी ताणली. साहेबांनी टोकापासून बोट फिरवत आणलं, मध्यावर थांबले, खिशातून एक कार्ड काढून दोरी आणि बीम यांच्यामध्ये सरकवून पाहिलं. कार्ड अडकलं.

“सूत नाही,” ते हळूच म्हणाले. “अर्धं सूतही नाही.”

मालक बराच वेळ वर बघत राहिला. मग त्या खिडक्यांच्या ओळीकडे, मग पुन्हा वर. शेजारचा एक वाचक पेपर खाली करून, हा माणूस छतात काय शोधतोय, म्हणून वर बघायला लागला. त्याला काहीच दिसलं नाही. तो पुन्हा वाचायला लागला.

“सोमवारी ये यार्डात,” मालक म्हणाला.

“सोमवारी डॉक्टरची तारीख आहे. मंगळवारी येतो.”

“वर्षभर मागे लागला होतास, आणि आता एक दिवस पुढे?”

“पुढे नाही, मालक. गुडघे वर्षभर थांबले, डॉक्टर थांबत नाही.”

मंगळवारी सकाळी सव्वा मिस्त्री यार्डातल्या खुर्चीत बसले. पुढे नऊ वर्षं ते तिथे होते. त्यांच्या हातून गेलेली एकही सडकी फळी साइटवर पोचली नाही, आणि पाचरी देताना ते प्रत्येकाला, किती उचलणार आहेस, हे विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्या पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले होते. खाली वेल्डिंग बंद झालं होतं. मिस्त्री दारात आले तर बायकोने विचारलं, “कसं वाटलं?”

“बसून बसून पाठ धरली.”

“उद्या उभे राहा,” ती म्हणाली, आणि तेलाची बाटली काढायला आत गेली.